नदी डाव्या हाताला

दूधवाल्यालाही गुलाबराव ‘पुढचं’ म्हणाले आणि नरहरीच्या हातातलं पुस्तक आपोआप मिटलं.

तसं पाहिलं तर घडलं काहीच नव्हतं. मार्चमधला रविवार, सकाळचे साडेनऊ वाजलेले. दुर्गच्या मोहन नगरातल्या त्या बैठ्या घराचं दार नेहमीसारखं सताड उघडं, दारासमोर लोखंडी खाट, खाटेवर तीन उशांना टेकवून बसवलेले गुलाबराव आणि शेजारी स्टुलावर नरहरी. दूधवाला हिरालाल उंबऱ्याशी कॅन टेकवून उभा राहिला आणि त्यानं रोजच्यासारखी खुशाली विचारली, “कइसे हव बाबूजी? बने बने?” गुलाबरावांनी मान किंचित उचलली, डावा डोळा बारीक केला आणि ते म्हणाले, “पुढचं.” अगदी त्याच सुरात. ‘पु’वर जरा अडखळून, मग शेवट लांबवून, जणू समोरच्याकडे अजून काही शिल्लक आहे आणि ते त्यानं आता काढावं. हिरालालला त्यात काही नवल वाटलं नाही. “हव, हव,” म्हणत त्यानं माप पातेल्यात उलटं केलं आणि सायकलची घंटी वाजवत तो निघून गेला.

गेले पाच महिने नरहरी धरून चालला होता की तो शब्द आपला आहे. दसरा झाल्यावर आठवड्याभरानं गुलाबरावांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. हॉस्पिटलात नऊ दिवस ते नुसते छताकडे पाहत पडून होते. घरी आणल्यावर पहिल्या रविवारी नरहरी गेला तो सवयीनं पिशवीत पुस्तक घेऊनच. रिकाम्या हातानं त्या घरात शिरायची त्याला सवयच नव्हती. त्यानं पुस्तक पिशवीतून काढलं आणि त्याच क्षणी गुलाबरावांच्या वाकड्या ओठांतून तो शब्द आला. पुढचं! म्हणजे पुढचं पुस्तक. नरहरीचे डोळे भरून आले होते. घरी येऊन त्यानं बायकोला, रमाला सांगितलं, “सगळं गेलं गं, पण वाचन राहिलं.” स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात, जिथं तो सतरा वर्षं हजेरीची कार्डं तपासत होता, तिथंही त्यानं दोघातिघांना सांगितलं, सांगताना त्याच्या आवाजात दुःखाबरोबर थोडा अभिमान असायचा. बायको नाही, मुलगा नाही, रेल्वे नाही. त्या माणसाच्या मेंदूत शेवटी उरलं ते आपल्या दोघांचं रविवारचं बोलणं. आणि मग तो दर रविवारी प्लांटच्या वसाहतीतून, सेक्टर पाचहून सायकल मारत येत राहिला, वाचत राहिला, वाचता वाचता मत देत राहिला आणि मधेच थांबून गुलाबरावांच्या ‘पुढचं’ची वाट पाहत राहिला. तो शब्द आला की त्याला वाटे, पटलं वाटतं. जरा घाईनं आला की वाटे, कंटाळले, पान उलटावं.

गुलाबरावांच्या पत्नी अंजनाबाई दुधाचं पातेलं उचलायला बाहेर आल्या. मिटलेलं पुस्तक त्यांनी पाहिलं, नरहरीचा चेहरा पाहिला.

“वहिनी, हे हिरालाललाही ‘पुढचं’ म्हणाले.”

“ते सगळ्याइलेच म्हनतेत, भाऊ.” त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. “सकाळी मांजरीले बी म्हटलं. डॉक्टर म्हने तेवढाच शब्द उरला, त्याले काही अर्थ नाही.”

“मला सांगितलं नाहीत कधी.”

“तुमाले तसं वाटून राह्यलं होतं. म्हटलं वाटू द्यावं.”

त्या आत गेल्या. त्यांच्या बोलण्यात दया नव्हती, टोमणा नव्हता. घरात एक गोष्ट कुणाला माहीत नसते, ती सांगितली, इतकंच. नरहरीनं पुस्तक पुन्हा उघडलं, कारण दुसरं काय करायचं ते त्याला सुचेना. ओळी त्याच होत्या. खाली बर्फानं गोठलेलं तळं होतं, विमानात आजारी कोळी होता, तळ्यावर उतरावं की नाही हे वैमानिकाला ठरत नव्हतं. नरहरी वाचत गेला आणि त्याचा स्वतःचाच आवाज त्याला रिकाम्या प्लॅटफॉर्मवरच्या घोषणेसारखा ऐकू येऊ लागला.

दोघांपैकी एकानंही कधी विमानात पाय ठेवला नव्हता. गुलाबराव मालगाडीचे गार्ड, मूळचे भंडाऱ्याकडचे. बत्तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून मागे पळणारे रूळ पाहिलेला माणूस. नरहरी वर्ध्याचा. दुर्ग स्टेशनबाहेर एक म्हातारा जुनी पुस्तकं पोत्यावर पसरून बसे. तिथं एका संध्याकाळी, एकाहत्तर साली, एकाच पुस्तकावर दोन हात पडले. पुस्तक इंग्रजी, विमानाच्या नकाशावाल्याचं, म्हणजे नॅव्हिगेटरचं, पुठ्ठा उसवलेलं. “तुम्ही घ्या,” नरहरी म्हणाला. “तुमी घ्या. वाचून झालं की मले द्या, अन् कसं हाय ते सांगा,” असं म्हणून गुलाबरावांनी आपला पत्ता दिला. नरहरीला पुस्तक रटाळ वाटलं होतं. चारशे उड्डाणं केलेला माणूस, आणि एकदाही त्यानं स्वतः विमान चालवलं नाही. सगळं पुस्तकभर दिशा, वारा, नद्यांची वळणं आणि पेन्सिली. त्यानं तसं सांगितलं. गुलाबरावांनी ते पंधरा दिवसांत, शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं आणि परत भेटल्यावर म्हणाले, “तुमाले समजलं नाही. गाडी डायवर चालवते, पन कुठं हाय ते मागं बसनाऱ्याले ठाऊक असते.” तिथून सुरुवात झाली.

मग पंधरा वर्षं तेच. सेक्टरच्या लायब्ररीतून नरहरी आणायचा, पोत्यावरून गुलाबराव उचलायचे, रशियन पुस्तकांची गाडी सिव्हिक सेंटरला लागली की दोघं मिळून जायचे. पुस्तकांची खरी नावं ते कधी घेत नसत. बर्फाचं, नकाशावाल्याचं, बाईचं, रशियन हिंदीतलं. नियम एकच होता, आणि तो गुलाबरावांनी रेल्वेच्या चौकशीवरून घेतला होता: ज्यानं पुस्तक सुचवलं त्यानं रविवारी येऊन जबाब द्यायचा. “हे बाईचं तुमी सांगितलं ना? मंग सांगा, कापसावर औषध फवारते म्हनते, दहा फुटावरून उडते म्हनते, अन् वारा कोनीकडून हाय ते एकदा बी लिहीत नाही. कावून?” नरहरी म्हणायचा, तिला उडण्याचा आनंद लिहायचा आहे, वाऱ्याचा अहवाल नाही. “आनंदाले बी वारा लागते,” गुलाबराव म्हणत आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन अंजनाबाईंना चहा सांगत. नरहरीला एकट्या वैमानिकाची पुस्तकं आवडत, रात्र, ढग, आणि मनात येणारे विचार. गुलाबरावांना ती खोटी वाटत. इतका विचार करत बसला तर पडेल ना माणूस, ते म्हणत. चौऱ्याहत्तरात कुणीतरी सांगितलं की नंदिनीच्या खाणीजवळच्या धावपट्टीवर एक लहान विमान उतरणार आहे. तेव्हा दोघं जामुलच्या सिमेंट कारखान्यावरून सायकली मारत गेले होते. सिमेंटच्या धुळीनं दोघांच्या मिशा पांढऱ्या झालेल्या, कुंपणाच्या तारेबाहेर पाच तास उभे. गुलाबरावांनी रुमाल वर धरून वारा पाहिला आणि विमान कोणत्या बाजूनं उतरेल ते सांगितलं. विमान आलंच नाही. परतताना नरहरी चिडला होता, गुलाबराव मात्र म्हणाले, “आलं असतं तं तिकडूनच आलं असतं.”

हे सगळं त्या आठवड्यात नरहरीला टाइम ऑफिसात हजेरीच्या कार्डांवरून हात फिरवताना आठवत राहिलं, आणि प्रत्येक आठवणीच्या मागे एक नवा प्रश्न येऊन उभा राहिला. पाच महिने आपण कुणाशी बोलत होतो? त्यानं जानेवारीत एकदा बाईच्या पुस्तकावर तासभर मत मांडलं होतं, गुलाबरावांच्या जुन्या आक्षेपांना एकेक करून उत्तर दिलं होतं, आणि शेवटी ‘पुढचं’ ऐकून आपण जिंकलो असं समजून तो हसत घरी गेला होता. ते आठवून त्याचे कान तापले. मांजरीला म्हटलेला शब्द. पण मग पुन्हा वाटे, शब्द मेला म्हणजे ऐकणंही मेलं असं कुणी सांगितलं? डॉक्टरनं आत जाऊन पाहिलं आहे का? शुक्रवारपर्यंत त्याच्या मनात एक बेत तयार झाला. तो बेत हलका होता, मित्राला शोभणारा नव्हता, हे त्याला कळत होतं. तरी रविवारी त्यानं पिशवीत घातलं ते नकाशावाल्याचं पुस्तक.

हे पुस्तक गुलाबरावांना पाठ होतं. नरहरी नेहमीसारखा इंग्रजी पाहून मराठीत सांगत चालला. आठवं प्रकरण, पावसाळी ढगातून परतीचा प्रवास, यंत्रं बंद पडलेली, नकाशावाला वैमानिकाला ओरडून सांगतो, दुसरं वळण गेलं की नदी डाव्या हाताला ठेव, सुटू देऊ नको. गुलाबराव हे वाक्य ड्युटीवर जातानासुद्धा म्हणत. नरहरीनं घसा साफ केला आणि नजर पुस्तकातच ठेवून वाचलं, “दुसरं वळण गेलं की नदी उजव्या हाताला ठेव.”

काही झालं नाही. बाहेर कुणीतरी बादली सरकवली. नरहरी पुढच्या ओळीकडे वळला, आणि तेवढ्यात खाटेच्या लोखंडी पट्टीवर धाडकन हात आपटला. चांगला हात, डावा. पुन्हा आपटला. “पुढचं!” गुलाबराव म्हणाले, शब्द तोच, पण मानेच्या शिरा ताठ झालेल्या आणि डावा अर्धा चेहरा रागानं लाल. “पुढचं! पुढचं!” आणि तो हात वर उचलून त्यांनी हवेत डावीकडे ढकलला.

“डाव्या,” नरहरी ओरडलाच. “डाव्या हाताला! चुकलं माझं, गुलाबराव. डाव्या हाताला!”

हात खाली आला. गुलाबरावांनी डोळे मिटले. अंजनाबाई ओल्या हातांनी धावत बाहेर आल्या. नरहरी उभा राहून हसत होता, रडत होता, आणि सांगत होता, “वहिनी, त्यांना कळतं! सगळं कळतं! मी चुकीचं वाचलं, तर त्यांनी पकडलं!” अंजनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नरहरीकडे पाहिलं, आणि हात पदराला पुसत त्या खाटेच्या कडेशी हळूच टेकल्या.

सायकलवरून घरी येताना, पॉवर हाउसच्या रेल्वे फाटकाशी उभा असताना, त्या आनंदाच्या आत काय आहे ते नरहरीला दिसलं. मालगाडी जात होती, शेवटच्या डब्यात गार्ड बसला होता, आणि एकदम त्याच्या लक्षात आलं: कळतं म्हणजे पाच महिने सगळंच कळत होतं. खाट बाहेरच्या खोलीत. येणारा प्रत्येक जण खाटेवरच्या माणसाला ओलांडून बोलतो. शेजारचे देवीदास म्हणाले होते, असं जगण्यापेक्षा सुटलेलं बरं. मुलगा विजयकुमार दिवाळीत येऊन आईशी बोलला होता, बाबा आता किती दिवसांचे, डॉक्टर काय म्हणतात. मध्ये खाट होती. आणि स्वतः नरहरी? त्यानं गेल्या महिन्यात बरोबर आलेल्या रमाला तिथंच, त्या खोलीत, सहज मोठ्यानं सांगितलं होतं, “मी वाचतो आपला. तेवढंच पुण्य.” फाटक उघडलं, मागून भोंगे वाजले, तरी त्याचा पाय पेडलवर पडेना. आत तो माणूस जागा होता. दाराला आतून कडी नाही, बाहेरून नाही, दारच नाही. आणि आत तो सगळं ऐकत बसलेला. हे माहीत नव्हतं तेव्हा नरहरी सुखी होता. आता माहीत झालं, आणि त्या माहितीचं काय करायचं हे त्याला कुणी सांगू शकत नव्हतं.

रामनवमीच्या आधी विजयकुमार नागपुराहून आला. टेलिफोन खात्यात नोकरी, सोनेगावकडे भाड्याचं घर, बायको शालूला दिवस गेलेले. नरहरी गेला तेव्हा मायलेकांचं बोलणं चाललेलं होतं. “आई, देखो, मी किती वेळा येऊ? तिकडे मोठं हॉस्पिटल आहे, व्यायाम करवणारे आहेत, बोलायला शिकवणाऱ्या मॅडम आहेत. यहाँ क्या है?” विजयकुमार नरहरीला पाहून उठला, पाया पडला. “काका, तुम्हीच समजवा. आणि आमच्या घरावरून तर विमान जातं. रोज दोनदा. इतकं खाली, की चाकं दिसतात. बाबांना गच्चीत खाट टाकून देईन.” तो हसला. नरहरीही हसला, आणि सहज त्याची नजर खाटेकडे गेली. गुलाबराव मुलाकडे पाहत होते. नुसतं पाहत नव्हते. पुस्तक उघडताना पाहत तसं पाहत होते.

विजयकुमार बाजारात गेला तेव्हा अंजनाबाईंनी नरहरीला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं. “भाऊ, मले नाही जायचं तिकडं. दोन खोल्या, सून बाळंतपनाची. इथं माझा नळ हाय, तुळस हाय, शेजारच्या सिंधुताई हायत. तिकडं मी खाटेसारखीच एका बाजूले पडून राहीन.” त्यांचा आवाज बारीक झाला. “माझं तो आयकनार नाही. बापाचं आयकते. तुमाले त्याइचं समजते असं मी विजयले सांगितलं. उद्या तो तुमाले इचारीन. तुमी सांगजा, त्याइले इथंच राहाचं हाय म्हनून.”

“पण त्यांना काय हवंय ते—”

“त्याइले तुमी पाह्यजेत,” अंजनाबाई म्हणाल्या. “दुसरं काय पाह्यजे?”

हे वाक्य नरहरीला गोड लागलं. ते गोड लागलं हे त्याला पुढे कित्येक वर्षं विसरता आलं नाही. अंजनाबाई नळावर गेल्यावर तो खाटेजवळ आला, स्टूल पुढे ओढलं. हो की नाही विचारून उपयोग नव्हता. गुलाबरावांची मान दोन्हीला सारखीच हाले, तेवढं पाच महिन्यांत कळलं होतं. पण चूक ते पकडत. खोटं सांगितलं की हात आपटत. त्यानं आधी करून पाहिलं: “गुलाबराव, तुम्ही शिक्षक होता.” हात आपटला. “तुम्ही गार्ड होता.” हात शांत. आता नरहरी काय म्हणणार होता हे त्याला माहीत होतं आणि हात शांत राहील हेही त्यानं मनात धरलेलं होतं.

“तुम्हाला इथंच राहायचं आहे. मोहन नगरात.”

हात आपटला.

नरहरीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली असेल. त्यानं पुन्हा म्हटलं, हळू, एकेक शब्द सुटा करून. हात पुन्हा आपटला, दोनदा. मग त्यानं उलटं म्हटलं, “तुम्हाला विजयकडे नागपूरला जायचं आहे.” हात चादरीवर पडून राहिला, बोटं तेवढी हलली, आणि गुलाबरावांचे डोळे नरहरीवर आले. त्या डोळ्यांत विनवणी होती, की मोकळेपणा, की नुसतं पाणी, कोण सांगणार? पण त्याला गच्ची दिसली. खाट, वर आभाळ, आणि दिवसातून दोनदा इतकं खाली येणारं विमान, की चाकं दिसावीत. या माणसानं जन्मभर वाचलेली गोष्ट त्याच्या डोक्यावरून जाणार होती, आणि तिथं नरहरी नव्हता. पंधरा वर्षांच्या रविवारांपुढे रोजचं दोनदा. नरहरी उठला. पुस्तक न काढताच घरी गेला.

त्याला झोप लागली नाही असं नाही; झोप लागली. सकाळी तो उठला तो ठरवूनच, की खरं ते सांगायचं. जबाब देताना खोटं बोलायचं नाही, हा तर नियमच होता. त्यानं दाढी केली, स्वच्छ सदरा घातला, आणि मोहन नगरला पोचेपर्यंत वाक्यही जुळवलं: विजय, तुझ्या बाबांना तुझ्याकडे यायचं आहे, आईचं बघ काहीतरी. वाक्य चांगलं होतं.

खोलीत विजयकुमार आरामखुर्चीत, अंजनाबाई भिंतीला टेकून, आणि गुलाबरावांची आज दाढी केलेली, अंगात धुतलेली बंडी. नरहरी आत येताच त्यांचा डावा अर्धा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांत नरहरीनं तो असा पाहिला नव्हता.

“काका,” विजयकुमार म्हणाला, “आई म्हणते तुम्हाला बाबांचं सगळं समजतं. सच बताओ. त्यांना काय पाहिजे?”

नरहरीनं अंजनाबाईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे पाहत होत्या, हाताची बोटं एकमेकांत गुंतवून. त्यानं खाटेकडे पाहिलं. जुळवलेलं वाक्य त्याच्या तोंडाशी होतं. आणि मग पुढच्या रविवारची सकाळ त्याला दिसली, साडेनऊची, सायकल कुठं न्यायची हे न कळणारी. रमा म्हणेल, आज जायचं नाही का. आणि पिशवीतलं पुस्तक.

“त्यांना इथंच राहायचं आहे,” नरहरी म्हणाला.

खाटेच्या पट्टीवर हात धाडकन आपटला. “पुढचं!” पुन्हा आपटला. “पुढचं! पुढचं! पुढचं!” पट्टी वाजत राहिली, खाट हलली, उशी खाली पडली. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली, आणि डोळे नरहरीवर खिळलेले. विजयकुमार उठला. तो खाटेजवळ गुडघ्यावर बसला आणि बापाचा तो हात, तो एकुलता एक हात, त्यानं आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. “हो बाबा, हो. समजलं मला. नाही नेत तुम्हाला. इथंच ठेवतो. शांत व्हा, बाबा, शांत.” हात सुटायची धडपड करत होता. मुलानं तो मायेनं छातीशी धरला. हळूहळू धडपड थांबली.

नरहरी तिथंच उभा होता. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. अंजनाबाईंनी चहा आणला, त्यानं तो घेतला. विजयकुमार संध्याकाळच्या गाडीनं नागपूरला परत गेला; जाताना त्यानं नरहरीला मिठी मारली आणि म्हणाला, “काका, तुम्ही आहात म्हणून बाबा आहेत.”

पुढच्या रविवारी नरहरी गेला. जायचं नाही असं आठवडाभर घोकून गेला. खाटेवर गुलाबराव दाराकडे तोंड करून होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बाहेर पाहिलं. त्याला स्टुलावर बसवेना. तो सरळ स्वयंपाकघरात गेला. अंजनाबाई तांदूळ निवडत होत्या.

“वहिनी, मी खोटं बोललो. त्यांना जायचं होतं. मी आदल्या दिवशी विचारून पाहिलं होतं.”

अंजनाबाईंचा हात सुपात थांबला नाही. एक खडा निघाला, तो त्यांनी बाजूला ठेवला. “मले मालूम हाय.”

“तुम्हाला?”

“तीस वर्सं झाली, भाऊ. त्याइचा हात कवा हो म्हनते अन् कवा नाही म्हनते, ते मले नाही समजनार तं कोनाले?”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“तुमी बोलले ना,” त्या म्हणाल्या. मग सूप खाली ठेवून, “विजयनं तिकडं त्याइच्यासाठी धरलेली मोठी खोली सोडली म्हने. पत्र आलं काल. शालूची आई येऊन राहीन आता.”

“मी लिहितो त्याला. चुकलो म्हणून लिहितो.”

“आता लिहून काय करता?” पण त्यांचा चेहरा हलला. “त्याइले इचारा. त्याइनं म्हटलं तं लिहा.”

दोघं बाहेरच्या खोलीत आले. नरहरी खाटेजवळ उभा राहिला. दारातून ऊन गुलाबरावांच्या पायांवर आलं होतं. डावा हात चादरीवर उताणा पडलेला. “गुलाबराव,” नरहरी म्हणाला, “तुम्हाला इथंच राहायचं आहे.”

तो थांबला. हात हलला नाही.

“तुम्हाला नागपूरला जायचं नाही. तुम्हाला इथं, मोहन नगरात, माझ्याजवळ राहायचं आहे.” गुलाबराव बाहेर पाहत होते. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, त्यांची नजर तिच्याबरोबर गेली आणि परत आली. “गुलाबराव, आपटा ना हात! खोटं आहे हे. मी खोटं सांगतोय!” नरहरीचा आवाज चढला. तो वाकला आणि त्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, “तुम्ही शिक्षक होता! नदी उजव्या हाताला ठेवायची! गुलाबराव, उजव्या हाताला!”

चादरीवरची बोटंसुद्धा हलली नाहीत. नरहरी पुन्हा तोंड उघडणार, तोच अंजनाबाईंनी त्याच्या दंडाला हात लावला. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला कधी स्पर्श केला नव्हता.

“पुरे करा, भाऊ,” त्या हळूच म्हणाल्या. “ते आयकून राहिले.”